भाव चहाचा की गावाच्या नावाचा?

चीनच्या नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांतात मार्चच्या अखेरीस चहाची पहिली पालवी खुडण्यास प्रारंभ होतो, तेव्हा क्वांगचौपासून तैपेपर्यंतच्या व्यापाऱ्यांचे लक्ष तेथील मोजक्या डोंगरी गावांकडे लागलेले असते. या पालवीपासून बनणाऱ्या सुट्या कच्च्या पुएर चहाचा भाव कोणत्याही लिलावगृहात ठरत नाही. तो शेतकऱ्याच्या अंगणात, कढईशेजारी बसून ठरतो आणि गावागणिक बदलतो. मेंगहाय काउंटीतील बुलांग डोंगरावरची लाओ बानजांग आणि लाओ मान्-अ ही दोन गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. झाडे एकाच जातीची, खुडणीचा हंगाम एकच, पाने भाजण्याची व वाळवण्याची रीतही एकच. तरीही २०१७-१८ च्या सुमारास लाओ बानजांगमधील जुन्या झाडांच्या वसंतातील चहाला किलोमागे आठ ते दहा हजार युआन मोजले जात होते, तर लाओ मान्-अच्या चहाला त्याचा लहानसा अंश मिळत होता. त्याच डोंगराच्या पायथ्याशी लावलेल्या बागायती झुडुपांच्या पानांना तर शंभर युआनही मिळणे कठीण होते. एक युआन म्हणजे दहा रुपयांहून अधिक हे लक्षात घेतले, म्हणजे या तफावतीची कल्पना येते.

चवीतील फरकाने या तफावतीचा काही भाग समजतो, सर्व नाही. सुट्या कच्च्या पुएरचा भाव आज मुख्यतः गावाच्या नावाला मिळतो. आणि ते नाव पानावर लिहिलेले नसते. पान डोंगर उतरले की ते कोठले, हे सांगण्यासाठी विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज फारसे काही उरत नाही. या एका गोष्टीभोवती गेल्या पंचवीस वर्षांतील तेजी, मंदी, भेसळ आणि डोंगरावरील समाजाची उलथापालथ फिरत आली आहे.

सुटा चहा म्हणजे काय?

पुएर चहा गोल, दाबलेल्या चकत्यांच्या रूपात प्रसिद्ध आहे. परंपरेने एका चकतीचे वजन ३५७ ग्रॅम असते आणि अशा सात चकत्या बांबूच्या सालीत एकत्र बांधल्या जातात. मात्र चकती हा शेवटचा टप्पा झाला. त्याआधीचा सुटा, न दाबलेला माल म्हणजे ‘माओचा’. मोठ्या पानांच्या जातीची पालवी खुडायची, थोडी सुकू द्यायची, तापलेल्या कढईत हाताने परतून तिच्यातील आंबण्याची क्रिया रोखायची, मग मळायची आणि उन्हात वाळवायची. साधारण चार-साडेचार किलो ओल्या पाल्यापासून एक किलो माओचा मिळतो. गावोगावच्या भावांची चर्चा होते ती याच मालाच्या भावांची.

उन्हात वाळवणे ही यातील कळीची पायरी आहे. भट्टीच्या उष्णतेत वाळवलेला हिरवा चहा वर्षभरात आपला ताजेपणा गमावतो. उन्हात वाळवलेला पुएर मात्र साठवणीत हळूहळू पालटत राहतो. त्याचा कडवटपणा व तुरटपणा कमी होत जातो आणि वीस-तीस वर्षांचा कच्चा पुएर हा जाणकारांच्या मते ताज्यापेक्षा श्रेष्ठ ठरतो. ही प्रतीक्षा टाळण्यासाठी १९७३ मध्ये कुनमिंग चहा कारखान्यात ओलसर ढिगाऱ्यात चहा लवकर आंबवण्याची पद्धत विकसित झाली. त्यातून ‘पिकवलेला’ पुएर निर्माण झाला. कच्च्या पुएरचे अर्थकारण मात्र काळावरच उभे राहिले. जो माल न विकता ठेवला तरी वाया जात नाही, उलट जुना होईल तसा महाग होईल अशी अपेक्षा असते, त्या मालात सट्टा शिरणे अटळ असते. हिरव्या चहाच्या व्यापाऱ्याला हंगाम संपण्यापूर्वी माल विकावा लागतो. पुएरच्या व्यापाऱ्याला थांबता येते. भाव चढत असताना तो विकत नाही आणि त्यामुळे भाव आणखी चढतात.

बाजाराच्या नावापासून गावाच्या नावापर्यंत

आज इतके मोल असलेली ही गावांची नावे व्यापाराच्या इतिहासात फार जुनी नाहीत. ‘पुएर’ हे नाव मुळात एखाद्या मळ्याचे नव्हते, ते बाजारपेठेचे होते. दक्षिणेकडील डोंगरांतला चहा ज्या गावी गोळा होऊन खेचरांच्या तांड्यांवर तिबेटकडे, बीजिंगकडे व आग्नेय आशियाकडे रवाना होई, त्या गावाचे नाव चहाला मिळाले. १७२९ मध्ये चिंग राजवटीने तेथे पुएर प्रांतिक ठाणे स्थापन केले आणि राजदरबारी जाणाऱ्या नजराण्याच्या चहात पुएरचा समावेश झाला. त्या काळी नाव होते ते लानत्सांग नदीच्या पूर्वेकडील ‘सहा चहाच्या डोंगरां’चे: यीवू, यीबांग, गडंग, मांगजी, मानज्वान आणि योले. हीच नदी पुढे मेकाँग म्हणून ओळखली जाते. नदीच्या पश्चिमेकडील मेंगहायचे महत्त्व वाढले ते विसाव्या शतकात.

१९४९ नंतर चहाची खरेदी सरकारच्या हाती गेली आणि गावाचे नाव व्यवहारातून जवळजवळ पुसले गेले. निरनिराळ्या डोंगरांवरचा माल कारखान्यात येई, पानांच्या प्रतीनुसार त्याची विभागणी होई आणि ठरावीक मिश्रण तयार होई. मेंगहाय कारखान्याच्या ‘७५४२’ या प्रसिद्ध चकतीच्या क्रमांकात पहिले दोन अंक मिश्रणाचे वर्ष सांगतात, तिसरा पानांची प्रत आणि चौथा कारखान्याचा क्रमांक. गाव त्यात कोठेच नाही. त्या व्यवस्थेत जुन्या, उंच झाडांच्या पानांना विशेष किंमतही नव्हती. त्यांचे आकार असमान आणि खुडणी कष्टाची असल्यामुळे पायऱ्यांवर रांगांत लावलेल्या झुडुपांचा नीटनेटका पाला खरेदी केंद्रांना अधिक पसंत असे. उत्पन्न वाढावे म्हणून अनेक ठिकाणी जुनी झाडे बुंध्याजवळ छाटून बुटकी करण्यात आली. आज ज्या झाडांभोवती कुंपणे घातली जातात, त्यांच्याच काही भाईबंदांवर त्या काळात कुऱ्हाड चालली.

हे चित्र पालटले ते बाहेरून. हाँगकाँगच्या चहागृहांच्या तळघरांत पडून असलेल्या जुन्या चकत्यांना १९९० च्या दशकात तैवानी संग्राहकांकडून मागणी आली. १९९४ मध्ये तैवानमधील चहाप्रेमींचा एक गट यीवूपर्यंत पोहोचला आणि तेथे हाताने चकत्या बनवण्याची विसरत चाललेली रीत पुन्हा सुरू झाली. १९९५ मध्ये तैवानमध्ये प्रसिद्ध झालेल्या देंग शिहाय यांच्या पुएरविषयक ग्रंथाने जुन्या चकत्यांना पुराणवस्तूंची प्रतिष्ठा मिळवून दिली. सरकारी कारखाने खाजगी हातांत जाऊ लागले. मेंगहाय कारखान्याचे खाजगीकरण २००४ मध्ये झाले. व्यापारी आता थेट डोंगर चढून शेतकऱ्याकडून सुटा माल घेऊ लागला. मिश्रणाऐवजी ‘एकाच डोंगराचा’, पुढे ‘एकाच गावचा’ आणि अखेरीस ‘एकाच झाडाचा’ चहा हा प्रतिष्ठेचा विषय झाला. म्हणजेच ठिकाणानुसार भाव ही युन्नानची प्राचीन परंपरा नव्हे. नियोजित अर्थव्यवस्था सैल झाल्यानंतरच्या दोन-अडीच दशकांची ती निर्मिती आहे.

भावांचा नकाशा

आजचा नकाशा ढोबळमानाने तीन प्रदेशांत विभागलेला आहे. दक्षिणेला शिश्वांगबान्ना, मध्यभागी पुएर आणि पश्चिमेला लिंत्सांग. पुएर शहराचे पूर्वीचे नाव सिमाओ होते. चहाच्या तेजीच्या ऐन भरात, २००७ मध्ये, ते बदलून पुएर करण्यात आले. चहाने एका शहराचे नाव बदलावे, यावरून त्या काळच्या उत्साहाची कल्पना येते.

शिश्वांगबान्नात नदीच्या पश्चिमेला मेंगहायचा चहा जोरकस व कडवट मानला जातो, तर पूर्वेला यीवूचा मृदू व गोडसर. पश्चिमेत लाओ बानजांग हे शिखर. त्याच्या खालोखाल शेजारचे शिन बानजांग, म्हणजे ‘नवे’ बानजांग, आणि मग हकाय, नान्नुओ, मंगसुंग असे उतरते भाव. यीवूमध्ये उलट गावापेक्षाही जंगलातील दुर्गम वाड्यांना मान आहे. लाओसच्या सीमेलगतच्या ग्वाफंगझाय परिसरातील किंवा बोहतांगच्या उंच झाडांचा माल अत्यल्प निघतो आणि त्याचे भाव लाओ बानजांगशी स्पर्धा करतात.

लिंत्सांगमध्ये बिंगदाओचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. शुआंगज्यांग काउंटीतील बिंगदाओ या ग्रामसमूहात पाच वाड्या आहेत. त्यांपैकी ‘लाओझाय’ म्हणजे जुन्या वाडीचा माल लाओ बानजांगलाही मागे टाकून किलोला काही दहा हजार युआनांवर गेला. नानपो, दिजिए, बावाय आणि नुओवू या उरलेल्या चार वाड्यांना मात्र त्याच ग्रामसमूहाचे नाव असूनही त्याच्या काही अंशावर समाधान मानावे लागते. साहजिकच बाजारात ‘बिंगदाओ’ एवढेच लिहिलेल्या पुडीत नेमक्या कोणत्या वाडीचा माल आहे, हा प्रश्न हजारो युआनांचा ठरतो.

पुएर प्रदेशातील जिंगमाय डोंगराची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथील बुलांग व ताय समाजांनी जंगलाच्या सावलीत जोपासलेल्या विस्तीर्ण जुन्या चहावनांना सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तरीही जिंगमायचे भाव लाओ बानजांग किंवा बिंगदाओच्या जवळपास पोहोचलेले नाहीत. याचे कारण उघड आहे. जिंगमायमध्ये जुनी झाडे मोठ्या क्षेत्रावर आहेत आणि माल पुष्कळ निघतो. बिंगदाओच्या जुन्या वाडीत झाडे मोजकीच आहेत. वारशाचे प्रमाणपत्र जे करू शकले नाही ते दुर्मीळतेने केले.

गावाच्या नावाखेरीज आणखी तीन गोष्टी भाव ठरवतात. पहिली झाडाचे वय. जुन्या झाडाचा माल त्याच गावातील तरुण झाडांच्या मालापेक्षा कित्येक पटींनी महाग असतो. दुसरी हंगाम. वसंतातील पहिली खुडणी सर्वांत महाग, पावसाळ्यातील सर्वांत स्वस्त आणि शरदातील वसंताच्या साधारण निम्म्या भावाची. तिसरी हवामान. २०१० च्या भीषण अवर्षणात आणि पुन्हा २०१९ च्या कोरड्या वसंतात पालवी उशिरा व कमी आली, आणि टंचाईच्या बातमीनेच भावांना आधार दिला. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात प्रसिद्ध गावांतून जे आकडे बाहेर पडतात, ते बहुधा मोजक्या किलोंच्या व्यवहारांचे असतात. तथापि संपूर्ण परिसरातील शेतकरी आपला भाव त्या आकड्यावरून सांगू लागतो.

२००७ चा धडा आणि त्यानंतर

या व्यवस्थेची पहिली मोठी परीक्षा २००७ मध्ये झाली. त्याआधीच्या तीन वर्षांत भाव सातत्याने चढत होते. २००५ मध्ये खेचरांचा तांडा युन्नानहून बीजिंगपर्यंत नेऊन पुएरची मोठी प्रसिद्धी करण्यात आली होती. शेअर बाजार व घरबांधणीप्रमाणे चहातही पैसा गुंतवावा, असे शहरी मध्यमवर्गाला वाटू लागले होते. शतकाच्या आरंभी किलोला काही दहा युआनांना मिळणारा लाओ बानजांगचा माल २००७ च्या वसंतात हजार युआनांच्या पुढे गेला. त्या उन्हाळ्यात बाजार कोसळला. पुढील वर्षी भाव निम्म्याहून खाली आले. कर्ज काढून माल साठवलेले छोटे व्यापारी बुडाले, अनेक कारखाने बंद पडले आणि मेंगहायमधील शेतकऱ्यांनी चहाच्या जागी पुन्हा मका व भात लावल्याच्या बातम्या आल्या.

ही पडझड सर्वांना सारखीच भोवली नाही. बागायती झुडुपांचा माल विकणाऱ्या शेतकऱ्याचा भाव पडला तो दीर्घकाळ वर आला नाही. प्रसिद्ध गावांचे भाव मात्र दोन-तीन वर्षांत सावरले. २०१० पर्यंत लाओ बानजांग पुन्हा २००७ च्या पातळीवर होते आणि २०१३-१४ मध्ये किलोला काही हजार युआनांवर पोहोचले. बड्या कंपन्यांनी त्या गावाशी दीर्घ मुदतीचे खरेदी करार केले. मंदीत सापडलेल्या गुंतवणूकदाराने ‘कोणताही पुएर’ सोडला आणि ‘नावाचा पुएर’ धरला. मंदीने नावांचे महत्त्व कमी होण्याऐवजी उलट वाढले, हा २००७ चा खरा परिणाम म्हटला पाहिजे.

त्यानंतरही चढउतार थांबलेले नाहीत. क्वांगचौमधील फांगत्सुन हा चीनमधील सर्वांत मोठा चहाबाजार. तेथे नामांकित कंपन्यांच्या चकत्यांचे भाव रोखे बाजाराप्रमाणे रोज जाहीर होतात आणि माल गोदामातून न हलताच हातोहात विकला जातो. २०२१ मध्ये तेथील ‘गगनाला भिडलेल्या’ भावांबद्दल प्रशासनाने इशारे दिले. २०२३ मध्ये त्याच बाजारातील एका कंपनीच्या चहाचे भाव अल्पावधीत कोसळले आणि पैसे अडकलेल्या खरेदीदारांनी तिच्या दारात गर्दी केली. डिसेंबर २०२३ मध्ये पुएर चहाच्या व्यवसायातील लानत्सांग एन्शन्ट टी ही कंपनी हाँगकाँग शेअर बाजारात दाखल झाली, परंतु पहिल्याच दिवशी तिचा शेअर घसरला. चीनमधील मालमत्ता क्षेत्राची मंदी आणि महागड्या भेटवस्तूंवर आलेली बंधने यांचा फटका चहाला बसणे स्वाभाविकच होते. चकत्यांचा बाजार थंडावला की पुढील वसंतात डोंगर चढणाऱ्या व्यापाऱ्यांची संख्या घटते आणि सुट्या मालाचा भाव नरमतो.

नावाची हमी कोण देणार?

एवढी किंमत असलेल्या नावाचे रक्षण कसे करायचे, हा यातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. डिसेंबर २००८ मध्ये लागू झालेल्या चीनच्या राष्ट्रीय मानकाने पुएरला भौगोलिक संकेताचे संरक्षण दिले. युन्नानच्या ठरवून दिलेल्या क्षेत्रात, मोठ्या पानांच्या जातीपासून, उन्हात वाळवून बनलेल्या चहालाच पुएर म्हणावे, असे हे मानक सांगते. परंतु त्या क्षेत्रात युन्नानचे ११ प्रशासकीय विभाग व ७५ काउंट्या येतात. पुएर कोठला नाही, एवढे हे मानक सांगू शकते. तो कोणत्या गावचा, हे सांगू शकत नाही. बाजार मात्र पैसे मोजतो ते गावासाठी. कायद्याने संरक्षित केलेले नाव आणि बाजाराने मोल दिलेले नाव यांतील हे अंतर भेसळीला मोकळे रान देते.

भेसळीचे प्रकार अनेक आहेत. शेजारच्या गावातील ओला पाला रात्री आणून प्रसिद्ध गावात भाजणे हा सर्वांत साधा. तरुण झाडांचा पाला जुन्या झाडांच्या मालात मिसळणे हा दुसरा. सीमेपलीकडे लाओस व म्यानमारमध्येही चहाची जुनी झाडे आहेत. तेथील माल यीवूच्या नावाने विकला जातो, ही तक्रारही जुनी आहे. लाओ बानजांगच्या ग्रामस्थांनी वेशीवर नाके उभारले आणि बाहेरचा पाला गावात आणण्यावर बंदी घातली. नावाला बट्टा लागला तर सर्वांचेच नुकसान आहे, हे त्यांना उमगले होते. परंतु वेशीवरचा पहारा आत येणारा पाला अडवू शकतो. शेकडो किलोमीटरवरील शहरात पुडीवर छापले जाणारे नाव अडवू शकत नाही. गावाच्या नावाने विकला जाणारा माल गावच्या उत्पादनाहून कितीतरी अधिक आहे, हे या व्यापारातील उघड गुपित आहे.

झाडाचे वय तर त्याहून निसरडे. वारंवार छाटलेल्या झाडाच्या बुंध्यावरून वय सांगणे तज्ज्ञांनाही सोपे नाही, आणि वाळलेल्या पानावरून ते सांगण्याची सर्वमान्य चाचणी बाजारात नाही. परिणामी खरेदीदाराला आपल्या जिभेवर किंवा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. ओळखीचा शेतकरी, वर्षानुवर्षांचा संबंध, खुडणीच्या वेळी स्वतः झाडाखाली उभे राहणे, हीच येथे प्रमाणपत्रे ठरतात. छोट्या प्रामाणिक व्यापाऱ्यासाठी हा खर्च मोठा असतो आणि तो अखेर किमतीत मिळवला जातो. नावाच्या भावात अविश्वासाचाही एक हिस्सा असतो तो असा.

डोंगरावर काय बदलले?

या भावांनी डोंगरावरचे जीवन पालटून टाकले. लाओ बानजांग हे हानी समाजाचे, शंभर-सव्वाशे कुटुंबांचे गाव. दोन दशकांपूर्वी तेथे जाणारा रस्ता पावसात बंद पडे. आज तेथे बहुमजली घरे आहेत, दारापुढे मोटारी आहेत आणि गावात बँकेची शाखा आहे. दीर्घकाळ दारिद्र्यात राहिलेल्या अल्पसंख्य समाजांच्या हाती प्रथमच मोठा पैसा आला, तोही स्वतःच्या झाडांच्या आधारे. कंपनीच्या मळ्यावरील मजूर न होता शेतकरी स्वतः उत्पादक, प्रक्रियादार व विक्रेता झाला. ही या व्यवस्थेची जमेची बाजू आहे आणि ती लहान नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्थानिक परंपरेनुसार बुलांग डोंगरावर हानी लोकांच्या आधी लाओ मान्-अचे बुलांग लोक राहत होते आणि लाओ बानजांगच्या आसपासची जुनी झाडे त्यांच्याच पूर्वजांनी लावली. झाडे लावणाऱ्यांच्या वंशजांपेक्षा नंतर वसलेल्या गावाला बाजाराने कितीतरी अधिक भाव दिला. यात कोणाचाही दोष नाही. परंतु नावाची लॉटरी कोणाला लागते, याचा श्रमांशी वा वारशाशी फारसा संबंध नसतो, हे यातून दिसते. ज्यांच्याकडे केवळ बागायती झुडुपे आहेत, त्या बहुसंख्य शेतकऱ्यांपर्यंत तर या विक्रमी आकड्यांचा लाभ पोहोचतच नाही. वर्तमानपत्रांत झळकणारे भाव मूठभर गावांचे असतात आणि युन्नानच्या चहाचे चित्र मात्र त्यांवरून रंगवले जाते.

झाडांनाही या भावांची किंमत मोजावी लागली. पूर्वी वर्षातून मोजक्या वेळा खुडली जाणारी झाडे वारंवार ओरबाडली गेली. घरे, रस्ते व पर्यटक झाडांच्या मुळांपर्यंत आले. बिंगदाओच्या जुन्या वाडीतील रहिवाशांना झाडांच्या रक्षणासाठी अन्यत्र हलवण्याची वेळ आली. युन्नान प्रांताने जुन्या चहावृक्षांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला आणि तो १ मार्च २०२३ पासून अमलात आला. शंभर वर्षांवरील झाडांना त्यात संरक्षण आहे. दुर्मीळतेमुळे भाव आणि भावामुळे दुर्मीळता, हे चक्र थांबवण्यासाठी अखेर कायद्याला यावे लागले.

भारतासाठी अर्थ

भारताला हा विषय परका नाही. पुएर ज्या मोठ्या पानांच्या जातीपासून बनतो, तिच्या शास्त्रीय नावातच आसाम आहे. आसाम व अरुणाचलातील सिंगफो लोक पाने भाजून, उन्हात वाळवून बांबूच्या नळीत भरून ठेवत आले आहेत आणि ही रीत युन्नानच्या रीतीची सख्खी बहीण शोभते. परंतु भारतात चहाने वेगळा मार्ग घेतला. ब्रिटिशांच्या मोठ्या मळ्यांतून निघणारा माल लिलावात जाऊ लागला. कोलकात्यात १८६१ पासून आणि गुवाहाटीत १९७० पासून लिलाव होत आहेत. लिलावात किमान भाव उघड असतो व मळ्याचे नाव नोंदलेले असते. डिसेंबर २०२१ मध्ये आसामच्या एका मळ्याचा विशेष चहा गुवाहाटीत किलोला ९९,९९९ रुपयांना गेला, तेव्हा तो व्यवहार सर्वांसमोर झाला. मात्र तेथे नाव मळ्याच्या मालकाचे असते. पाने खुडणाऱ्या मजुराच्या वेतनात त्या विक्रमाने फरक पडत नाही. युन्नानमध्ये विक्रमी भाव झाडाच्या धन्यापर्यंत पोहोचतो, पण तो पारखून घेण्याची सोय नाही. दोन्ही व्यवस्थांचा एकेक पाय लंगडा आहे.

नावाचे रक्षण अवघड असते, हा अनुभव दार्जिलिंगलाही आला आहे. भारताचा पहिला भौगोलिक संकेत दार्जिलिंग चहाला मिळाला आणि त्यात ८७ मळे नेमके नोंदलेले आहेत. तरीही नेपाळचा चहा दार्जिलिंगच्या नावाने विकला जात असल्याची तक्रार तेथील मळेवाले सातत्याने करतात. मळ्यांची यादी हाती असताना जे साधले नाही, ते शेकडो वाड्यांच्या आणि हजारो कुटुंबांच्या युन्नानमध्ये केवळ मानके छापून साधेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

युन्नानमध्ये यापुढे काय होईल, हे चीनच्या शहरी ग्राहकाच्या खिशावर अवलंबून राहील. परंतु भावांना स्थैर्य यायचे असेल तर दोन गोष्टींना पर्याय नाही. पहिली, गावनिहाय उत्पादनाची जाहीर नोंद. कोणत्या गावात किती झाडे आहेत आणि हंगामाला किती किलो माल निघतो, हे सर्वांना ठाऊक असेल, तर त्याहून अधिक माल त्या नावाने विकला जाणे कठीण होईल. प्रसिद्ध गावांतील ग्रामस्थांचेच हित यात आहे आणि वेशीवर पहारा ठेवण्याची त्यांची तयारी पाहता ती नोंद ठेवण्याची कुवतही त्यांच्यात आहे. दुसरी गोष्ट अधिक कष्टाची आहे. बागायती झुडुपांच्या चांगल्या, निगुतीने बनवलेल्या चहाला नावाविना योग्य भाव मिळाला पाहिजे. जुन्या कारखान्यांची मिश्रणाची कला नेमके हेच करत असे. अनेक गावांचा सामान्य माल एकत्र आणून त्यातून विश्वासार्ह चव ती घडवत असे. नावांच्या शर्यतीत त्या कलेकडे दुर्लक्ष झाले. पुढील तेजी येईल तेव्हा लाओ बानजांगचा भाव किती चढला याचीच चर्चा होईल. पण युन्नानच्या चहाचे आरोग्य समजून घ्यायचे असेल, तर ज्या गावाचे नाव कोणालाच ठाऊक नाही, तेथील शेतकऱ्याला त्या वसंतात किलोमागे किती मिळाले, हे पाहावे लागेल.